हातकणंगल्याचा फर्ग्युसन आणि हरवलेली ठिणगी

गेल्या वीकांताला गावी जाऊन आलो. गाव म्हणजे हातकणंगल्यापासून पाच-सहा किलोमीटरवर, उसाच्या फडात बुडालेलं. जायचं कारण विचित्र होतं. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आण्णांनी, फोनवर एवढंच सांगितलं, "दिवाळीपर्यंत चालू झाला तर ठेवूया, न्हाईतर भंगारवाला येऊन बघून गेलाय. तू इंजिनेर हाईस न्हवं? ये की मग."

चालू व्हायचा तो आमचा ट्रॅक्टर. शेडमध्ये बारदानाखाली 1994 पासून उभा असलेला, करड्या रंगाचा, छोटासा फर्ग्युसन. चुलतभावाला त्या जागी पॉवर टिलर आणि ठिबकचं सामान ठेवायचंय, आणि त्याचंही काही चूक नाही. भंगारवाला किलोवर भाव देतो, आणि हा ऐवज टनाहून थोडा जास्तच भरतो. बॉम्बसारखा टाइमर लागलेला प्रोजेक्ट म्हणा ना!

आता मी इंजिनियर खरा, पण सॉफ्टवेअरचा. हे आण्णांना गेली वीस वर्षं समजावतोय. असो.

आधी या गड्याची ओळख. प्लेटवर अक्षरं होती टीईडी-20. 'टीई' म्हणजे ट्रॅक्टर इंग्लंड आणि 'डी' म्हणजे रॉकेलसारख्या इंधनावर चालणारा. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाचं हे डिझाइन. 1946 ते 1956 या दहा वर्षांत इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला स्टँडर्ड मोटर कंपनीने असले पाच लाखांवर ट्रॅक्टर बनवले. मागे तीन ठिकाणी अवजार अडकवायचं आणि हायड्रॉलिकने उचलायचं ही जी सोय आज प्रत्येक ट्रॅक्टरला असते, ती याच फर्ग्युसनची. त्या डिझाइनवरून त्याने थेट फोर्ड कंपनीवर दावा लावला आणि 1952 साली साडेब्याण्णव लाख डॉलर घेऊन तडजोड केली. एडमंड हिलरी 1958 च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच जातीच्या ट्रॅक्टरवर बसून! (हे सांगितल्यावर आण्णा म्हणाले, "तिकडं चिखल नसंल." पावसाळ्यात पंचगंगेच्या काठची काळी जमीन ज्याने नांगरलीय, त्यालाच हे म्हणायचा हक्क.)

आमच्याकडे तो आला 1958 सालीच, पण सेकंडहँड. आण्णा तेव्हा अकरा वर्षांचे. मूळ मालक मोठा जमीनदार होता. 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्याचा कृषक दिन झाला, कसेल त्याची जमीन झाली, आणि त्याच्याकडे ट्रॅक्टर उरला पण नांगरायला रान उरलं नाही. आजोबांनी तीन भावांत मिळून तो घेतला आणि भाड्याने नांगरट सुरू केली. म्हणजे कायद्याने जमीन हलली आणि तिच्या मागोमाग यंत्रही हललं. शाळेत कूळकायदा पाच मार्कांसाठी पाठ केला होता, त्याचा असा एक नांगर आपल्याच शेडमध्ये असेल असं काही वाटलं नव्हतं.

तेव्हा देशात ट्रॅक्टर होतेच किती? 1951 साली साधारण साडेआठ हजार, 1960 साली सदतीस हजार. जवळजवळ सगळे बाहेरून आलेले. सरकारने 1947 मध्ये सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली ती अमेरिकन लष्कराने युद्धानंतर टाकून दिलेले ट्रॅक्टर घेऊन, आणि कामाला लावली मध्य भारतातलं कांस गवत उपटायला. 1949 साली जागतिक बँकेने भारताला दुसरं कर्ज दिलं, एक कोटी डॉलरचं, तेही शेतीच्या यंत्रांसाठीच. देशात ट्रॅक्टर बनू लागला तो 1959 मध्ये फरिदाबादला, आयशरचा. 1961-62 सालची सगळ्या देशाची पैदास होती 880 ट्रॅक्टर. आणि इथे गंमतीचा मुद्दा आहे: भारतात कारखाने उभे राहिले ते डिझेल ट्रॅक्टरचे. आयशर डिझेल, 1963 ला मुंबईत महिंद्राच्या भागीदारीत सुरू झालेल्या कंपनीचा बी-275 डिझेल, 1971 ला पिंजोरहून आलेला एचएमटीचा झेटरही डिझेलच. ठिणगीवर चालणारा ट्रॅक्टर आपल्याकडे आला, थोडा काळ राहिला आणि वंश न वाढवता गेला.

का? डिझेल स्वस्त पडायचं हे उत्तर खरंच आहे. पण मला आणखी एक कारण वाटतं, आणि ते आपल्या भागात अगदी स्पष्ट दिसतं. ट्रॅक्टर यायच्या आधीच आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचं इंजिन डिझेलचं होतं. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने 1930 च्या दशकातच डिझेल इंजिन बनवलं. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या किर्लोस्करांनी 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनचा वेगळा कारखाना काढला. विहिरीवर, गुऱ्हाळावर धडधडायचं ते हेच इंजिन. कोल्हापूरचे मिस्त्री त्यावर तयार झाले. या गावाला यंत्र बघून यंत्र बनवायची खोड जुनीच. बाबूराव पेंटर आणि दामले यांनी 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेराच घरी बनवला होता. पण डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा सोळा-सतरा पट दाबली की तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे गावच्या इंजिन मिस्त्रीला पंप, नोझल, व्हॉल्व्ह सगळं कळायचं, करंट मात्र कळायचा नाही. आण्णा सांगतात, फर्ग्युसन बिघडला की दोन मिस्त्री लागायचे: एक इंजिनचा, आणि दुसरा इचलकरंजीहून मोटारींचा, तो फक्त 'करंट बघायला' यायचा. दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. (बॅकएंड आणि फ्रंटएंड टीम. अजून तेच चाललंय :))

यातला करंटवाला मिस्त्री आजही आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हात थरथरतो, गॅरेज बंद करून बारा वर्षं झाली. आण्णांनी त्यांना मोटारसायकलवरून उचलून आणलं. गावात पॉइंट सेट करता येणारा हा शेवटचा माणूस. हँडबुक नाही, डॉक्युमेंटेशन नाही, सगळं त्यांच्या डोक्यात.

ठिणगीचं तंत्र थोडक्यात सांगतो. जुन्या ट्रॅक्टरांना मॅग्नेटो असायचा, म्हणजे हँडल मारल्यावर स्वतःच वीज करणारं चुंबकाचं यंत्र. बॅटरीची गरज नाही. बॉश कंपनीतल्या होनोल्डने 1902 मध्ये त्याचं उच्च दाबाचं रूप बसवलं. दुसरा रस्ता अमेरिकेतल्या केटरिंगचा, 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत आलेला: बॅटरी, कॉइल, आणि मध्ये उघडझाप करणारे पॉइंट. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो, आणि तो तुटताना हजारो व्होल्टचा झटका प्लगपर्यंत जातो. पॉइंटच्या शेजारी इवलासा कंडेन्सर असतो. तो नसेल तर ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी पॉइंटवरच पडते आणि पॉइंट जळतात. आमचा फर्ग्युसन या दुसऱ्या जातीचा.

शनिवारी सकाळी झाकण काढलं. पॉइंटवर हिरवट बुरशी, कंडेन्सर मेलेला. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने पॉइंट घासले आणि अँबॅसॅडरचा कंडेन्सर बाहेरून क्लॅम्प मारून बसवला. ती गाडी 2014 साली बंद झाली, पण तिचे पार्ट कोल्हापुरात अजून मिळतात. मग फट: दहा ते बारा थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग गुणिले दहा-बारा. फिलर गेज मी नेला होता. मिस्त्रींनी तो हातात घेतला, बघितला, खिशात ठेवला आणि जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा काढला. त्यांनी लावलेली फट मी नंतर गुपचूप मोजली. अकरा!

आता हँडल. काही नाही. प्लग काढून ब्लॉकला टेकवला, हँडल मारलं, तर निळी ठिणगी चटकन. पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, तरी इंजिन फक्त शिंकतंय, आणि मध्येच कार्ब्युरेटरमधून फाट्ट करून जाळ. आण्णा म्हणाले, "बास, इकूया." मला मात्र इथे पहिल्यांदा आपलं काहीतरी चालेल असं वाटलं. चारपैकी दोन सिलिंडर बरोबर लागत होते. याचा अर्थ सिस्टिम मेलेली नाही, क्रम चुकलाय.

या इंजिनचा क्रम 1-3-4-2. वायरी लागलेल्या होत्या त्याच क्रमाने, हे मी सकाळीच तपासलं होतं. पण गोल कुठल्या दिशेने मोजायचं? रोटर फिरतो त्या दिशेने. कुणीतरी कधीतरी वायरी काढून उलट्या दिशेने मोजत लावल्या होत्या. 1-3-4-2 उलट वाचलं की होतं 1-2-4-3. पहिला आणि चौथा आपल्या जागी, दुसरा आणि तिसरा अदलाबदल. म्हणजे बरोबर दोनच सिलिंडर लागणार! वहीत गोल काढून मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या प्लगच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला, हँडल हळूहळू फिरवायला सांगितलं, बोळा फट्कन उडाल्यावर "थांब" म्हणाले, झाकण काढून रोटर कुठे बघतोय ते पाहिलं आणि दोन वायरी बदलल्या. माझी दहा मिनिटं, त्यांची दोन.

पण अजून एक भानगड होती. आदल्या आठवड्यात चुलतभावाने तालुक्याच्या गावाहून नवी बॅटरी आणली होती आणि दुकानाच्या पोराने ती आजच्या रिवाजाने लावून दिली, निगेटिव्ह बॉडीला. या फर्ग्युसनला पॉझिटिव्ह बॉडीला असतं. इंजिन असंही चालतं, पण डायनामो उलटा पडतो आणि चार्जिंगचा कटआउट जळू शकतो. आमचा जळला. तो अजून व्हायचाय.

संध्याकाळी साडेपाचला गियरचा दांडा 'एस' वर ओढला (याला स्टार्टरचं बटण नाही, गियरच्याच दांड्याने स्टार्टर लागतो, आणि त्यामुळे गियरमध्ये असताना चुकून चालू होत नाही). दोन घरघरी, एक शिंक, आणि मग चारही सिलिंडर. शेडमधल्या चिमण्या उडाल्या, निळा धूर झाला, पोरं गोळा झाली.

खरं तर हा ट्रॅक्टर रॉकेलवर चालायचा. टाकीचे दोन भाग: छोटा पेट्रोलचा, मोठा रॉकेलचा. पेट्रोलवर चालू करायचं, रेडिएटर तापला की चावी फिरवून रॉकेलवर घ्यायचं. रॉकेल दाबाखाली लवकर भडकतं आणि इंजिन ठोके मारतं, म्हणून याचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी, पाचाच्या आसपास ठेवलेलं. इंजिन थंड असताना रॉकेलवर घेतलं तर ते नीट जळत नाही, भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. "डिपस्टिकवर आइल वाढाय लागलं की समजायचं, बेअरिंग चाललं," मिस्त्री म्हणाले. बाकी सगळ्या यंत्रांचं ऑइल कमी झालं की काळजी, याचं वाढलं की! रॉकेल रेशनवर. एकाच रॉकेलवर घरातला कंदील, स्टोव्ह आणि नांगर. साठच्या दशकात आजीने एकदा रॉकेलचा डबाच कुलपात घातला होता आणि दोन दिवस नांगरट बंद होती, हे आण्णांनी त्या धुरात उभं राहून पहिल्यांदा सांगितलं.

बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर घ्यायचं असतं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहतं आणि सकाळी चालू होतो. परवा आम्ही पेट्रोलवरच होतो, रॉकेलची टाकी कोरडी. तरी बंद करताना आण्णांनी वाकून ती चावी चाचपली, आधीच पेट्रोलवर आहे हे बघितलं, आणि मग बंद केला.

भंगारवाल्याचा फोन रविवारी सकाळी आला, तो चुलतभावाने घेतला. "दिवाळीनंतर बघू," एवढंच बोलला. पुढच्या खेपेला कटआउट न्यायचाय, रेडिएटरचा खालचा पाइप फुटलाय तो बदलायचाय, आणि मिस्त्रींना वहीत सगळं लिहून द्यायला बसवायचंय. ते म्हणतात, लिहिता येत नाही, तू बघ आणि तू लिही. त्यांच्या पोस्टकार्डाच्या तुकड्याची जाडी मोजायची मात्र राहिलीच.