औषधं स्वस्त झाली ती कायद्यानं

गोळ्यांची पट्टी कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरीचं टोक दुकानातच राहिलं पाहिजे, हा वडिलांचा दंडक. पिंपरीत आमचं औषधांचं दुकान. "दोन दिवसांच्याच द्या, बाकीच्या पगार झाला की नेतो," हे त्यांनी ऐकलं, मीही ऐकत आलो. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सुटणार हे ठाऊक असूनही कात्री चालवावी लागते.

जवळच एच.ए., म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ साली उभा राहिलेला सरकारी कारखाना. इथं पेनिसिलीन बनू लागलं. गावाला त्याचा कोण अभिमान! पण एका कारखान्यानं देशाचे भाव उतरत नसतात. पेटंटचा कायदा १९११ चा, इंग्रजांच्या काळातला. औषधावरच मक्तेदारी मिळायची. भारतात औषधांचे भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांपैकी आहेत, हे खुद्द अमेरिकेतल्या केफॉव्हर समितीनं नोंदवलं. पेटंट कायद्यावरचा न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगारांचा अहवाल १९५९ चा, नवा कायदा व्हायला १९७० उजाडलं आणि अमलात यायला १९७२. त्यानंतर पेटंट औषधावर नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर, तेही फार तर ७ वर्षं. दरनियंत्रणाचा आदेशही १९७० चाच. पुढं एकाच औषधाचे इतके ब्रँड आले की आमची फळ्यांवर जागा पुरेना.

२००५ मध्ये औषधावरचं पेटंट परत आलं, पण सक्तीच्या परवान्याची वाट कायद्यात शिल्लक राहिली. २०१२ मध्ये त्याच वाटेनं नॅटको कंपनीला कर्करोगावरचं नेक्साव्हार बनवायची मुभा मिळाली. महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८८० वर आला. एवढी सूट कुठला दानशूर देईल?

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. ती सोय हवीच. पण रक्तदाबाची गोळी माणूस घरी, रोज, जन्मभर घेतो. तिथं भावच कमी लागतो.

म्हणून स्वतःच्याच पोटावर पाय देऊन सांगतो: चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि २००८ पासून सुरू झालेल्या जनऔषधी दुकानात आधी विचारा. तिथं नसेल तर आम्ही आहोतच.