संगणक बाहेरून जागा करताना

किहीमच्या किनाऱ्यावर खारा, दमट वारा आणि पावसाळ्यात जाणारी वीज या नेहमीच्याच गोष्टी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले. अशा ठिकाणी शाळेचा संगणक एखाद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर? उपाय संगणकाच्या इतिहासातच सापडतो.

सुरू होताना प्रत्येक संगणकापुढे एक पेच असतो. हार्ड डिस्कवरची कार्यप्रणाली स्मृतीत आणायला प्रोग्रॅम हवा आणि तो प्रोग्रॅम तर डिस्कवरच! जुन्या यंत्रांत पहिल्या सूचना माणूस बटणे दाबून भरत असे. १९८१ च्या आयबीएम पीसीत त्या ‘बायोस’ नावाने कायमच्या चिपमध्ये बसवल्या होत्या. बायोस आधी फ्लॉपी तपासत असे. १९८३ च्या पीसी-एक्सटीत हार्ड डिस्क आली, तरी पहिला मान फ्लॉपीचाच राहिला. त्यामुळे डिस्क बिघडली तरी यंत्र बाहेरून जागे करता येई. गंमत म्हणजे रोगही याच दाराने शिरला. १९८६ मध्ये लाहोरला तयार झालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभखंडातच दडून बसे. त्यावर उतारा म्हणजे लेखनबंद केलेली निरोगी फ्लॉपी.

पण फ्लॉपीत मावणार किती? जेमतेम १.४४ मेगाबाइट. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ नियमावली आणली आणि सुमारे ६५० मेगाबाइटच्या सीडीवरून संगणक सुरू करण्याची ठरलेली पद्धत मिळाली. त्याच दशकात न्यूझीलंडमध्ये ‘घोस्ट’ हा प्रोग्रॅम तयार झाला. तो पूर्ण डिस्कची प्रतिमा घेई.

नुसत्या फायली उतरवून का भागत नाही? कारण आरंभखंड आणि डिस्कच्या विभागांचा तक्ता फायलींत नसतो. प्रतिमेत तोही येतो. आणि ती परत भरायची तर बाहेरूनच, कारण चालू प्रणालीवर तीच प्रणाली लिहिणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे.

आज सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली, तत्त्व तेच आहे. प्रतिमा त्याच डिस्कवर ठेवली, तर डिस्कबरोबर तीही जाते. आणि जूनमधली प्रतिमा संगणकाला जूनमध्येच नेते; त्यानंतर भरलेले गुण तिच्यात नसतात. विद्यार्थ्यांना विचारा: मग गुणपत्रकाची प्रत कुठे आणि किती दिवसांनी ठेवावी?