न तोडलेल्या जंगलाचा मोबदला

जंगल तोडून पैसा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लावूनही होतो, हे रोपवाटिकेची बिलं पाहिलेला कोणीही सांगेल. पण न तोडल्याचे पैसे? वीस वर्षांहून अधिक काळ जगातली सरकारं, बँका आणि कंपन्या या व्यवहारावर भांडत आहेत. त्याचं चालू नाव ‘रेड प्लस’. म्हणजे जंगलतोड आणि जंगलाचा ऱ्हास यांतून होणारं उत्सर्जन घटवण्याबद्दल विकसनशील देशांना मोबदला.

या व्यवहाराचं मूळ एका कोळशाच्या वीजकेंद्रात सापडतं. 1988 मध्ये एईएस या अमेरिकन वीजकंपनीने कनेक्टिकटमधल्या आपल्या नव्या केंद्राचा धूर ‘फेडण्यासाठी’ ग्वाटेमालातल्या शेतकऱ्यांकडून झाडं लावून घ्यायला पैसे दिले. तिथे निदान झाडं लावली तरी जात होती. 1997 मध्ये बोलिव्हियात सुरू झालेला नोएल केम्फ प्रकल्प एक पाऊल पुढे गेला. दोन अमेरिकन वीजकंपन्या आणि बीपी यांच्या पैशातून राष्ट्रीय उद्यानालगतच्या लाकूडतोडीचे ठेके विकत घेऊन बंद केले गेले. इथे मोजायचं होतं ते न घडलेलं काम, आणि खरी मेख तिथेच होती. तोड झाली असती तर किती झाली असती, हे ठरवायचं कोणी?

1997 च्या क्योटो करारानंतर हाच वाद पेटला. नोव्हेंबर 2000 मध्ये हेगची हवामान परिषद जंगलांच्या हिशेबावरून अमेरिका आणि युरोप यांचं न जुळल्याने फिसकटली. ग्रीनपीससारख्या संघटनांना धास्ती होती की स्वस्तातलं जंगल ‘वाचवून’ श्रीमंत देश आपली धुराडी तशीच चालू ठेवतील. एका खोऱ्यात तोड थांबवली की कुऱ्हाड शेजारच्या खोऱ्यात जाते, हा दुसरा आक्षेप. ॲमेझॉनवर बाहेरच्यांचा हक्क सांगितला जाईल या भीतीने ब्राझीलही विरोधात उभा राहिला. दुसरीकडे नेचर कन्झर्व्हन्सीसारख्या संस्था जंगलं हिशेबात धरण्याच्या बाजूने. म्हणजे पर्यावरणवाल्यांतच दोन तट. 2001 मध्ये माराकेशला निकाल लागला: विकसनशील देशांत नवं झाड लावलं तर श्रेय (कार्बन क्रेडिट), उभं जंगल राखलं तर शून्य.

कोंडी फोडली ती ब्राझीलच्याच अभ्यासकांनी. मार्सिओ सान्तिली, पाउलो मुतिन्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 च्या मिलान परिषदेत सुचवलं, की एकेका प्रकल्पाचा हिशेब सोडा, अख्ख्या देशाची तोड मोजा. मागच्या काही वर्षांच्या सरासरीपेक्षा ती घटली, तरच मोबदला. मग शेजारच्या खोऱ्यातली कुऱ्हाडही हिशेबात येते. 2005 मध्ये माँट्रियलला पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी हा विषय अधिकृतपणे टेबलावर ठेवला.

पुढच्याच वर्षी हवामान बदलाच्या अर्थकारणावरच्या स्टर्न अहवालाने वर्तमानपत्रांना एक आकडा पुरवला. जगाच्या उत्सर्जनात जंगलतोडीचा वाटा 18 टक्क्यांहून अधिक, म्हणजे साऱ्या वाहतुकीपेक्षा जास्त. गाड्या, ट्रक, विमानं, जहाजं एकत्र केली तरी जंगलतोड भारी, हे वाक्य मग प्रत्येक अग्रलेखात फिरू लागलं आणि आकडा गोल होऊन 20 झाला. 2009 मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मधल्या लेखाने तो सुमारे 12 वर आणला, पण तोवर धोरण मार्गी लागलं होतं.

2007 च्या बाली परिषदेत शेवटच्या क्षणी अमेरिकेने अडवून धरलं, तेव्हा पापुआ न्यू गिनीचे केव्हिन कॉनराड यांनी भर सभेत सुनावलं: नेतृत्व करायचं नसेल तर निदान वाट अडवू नका. टाळ्या झाल्या, अमेरिका नमली. त्याच परिषदेत नॉर्वेने वर्षाला तीन अब्ज क्रोनरपर्यंत रक्कम देऊ केली.

‘प्लस’ची कथा आपल्या अंगणातली आहे. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यापासून भारतात तोडीला लगाम होता. बेसुमार तोडणाऱ्याने हात आवरल्यावरच पैसे मिळणार असतील, तर आधीपासून राखणाऱ्याच्या पदरी काय? रोज दोन पाकिटं ओढणाऱ्याने एक कमी केलं म्हणून बक्षीस, आणि कधीच न ओढणाऱ्याला ठेंगा, असा तो प्रकार. भारताने संवर्धन आणि वनवाढ यांनाही मोबदला मागितला. बालीच्या मसुद्यात हे मुद्दे आले, पण अर्धविरामानंतर, म्हणजे दुय्यम पंगतीत. 2008 मध्ये पोझनानला भारताने नेट लावला आणि अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम आला. त्या एका चिन्हाने संवर्धन तोड-घटीच्या बरोबरीला बसलं. त्याच बैठकीत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या हरकतीमुळे मूलनिवासींच्या ‘हक्कां’चा उल्लेख मात्र गळला. ‘हक्क नाहीत तर रेड नाही’ ही घोषणा तिथलीच. हक्कांना मसुद्यात जागा मिळाली ती 2010 मध्ये, कानकुनला.

प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो ते 2008 मध्ये स्थापन झालेल्या ब्राझीलच्या ॲमेझॉन निधीत दिसतं. सुरुवातीला एक हेक्टर जंगलात 100 टन कार्बन धरला गेला. त्याचा सुमारे 367 टन कार्बन डायऑक्साइड होतो. टनाला 5 डॉलर, म्हणजे सरासरीपेक्षा कमी तुटलेल्या दर हेक्टरमागे साधारण 1,835 डॉलर. तोड उपग्रहाने मोजायची, पैसे नंतर. बदल्यात या निधीला पैसे देणाऱ्या नॉर्वेला मिळालं फक्त एक प्रमाणपत्र, तेही विकता न येणारं. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधली वार्षिक तोड 2004 मधल्या 27,772 चौरस किलोमीटरवरून 2012 मध्ये 4,571 वर आली. पण ही घट निधीची करणी नव्हे. ती निधीच्या आधीच सुरू झाली होती. उपग्रहावरून नजर, छापे, राखीव क्षेत्रं, तोडलेल्या जमिनीवरचा सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा करार, हे सगळं आधीचं. 2019 मध्ये बोल्सोनारो सरकारने निधीच्या समित्या मोडल्या, पैसा थांबला. 2021 मध्ये तोड 13,000 चौरस किलोमीटरवर पोचली. जानेवारी 2023 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष लुला यांनी निधी पुन्हा सुरू केला.

खाजगी बाजाराने मात्र अख्खा देश मोजण्याची सान्तिलींची अट गुंडाळून ठेवून प्रकल्पवार श्रेयं विकली. ‘नाहीतर जंगल गेलंच असतं’ हा अंदाज जितका भीषण, तितका माल जास्त. आणि अंदाज बांधणाराच विक्रेता. जानेवारी 2023 मध्ये ‘गार्डियन’, ‘डी त्साइट’ आणि ‘सोर्समटेरियल’ यांनी छापलं की व्हेरा संस्थेने मान्य केलेल्या वर्षावन-श्रेयांपैकी 90 टक्क्यांहून अधिक पोकळ असावीत. व्हेराने ती पद्धतच नाकारली. त्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये 26 प्रकल्पांचा अभ्यास आला, आणि बहुतेक ठिकाणी तोड दाव्याइतकी घटलेली नव्हती.

ही कुळकथा तपासली की निवाडा अवघड उरत नाही. जंगल राखणाऱ्याला पैसे द्यावेत. ते त्याचं येणं आहे. पण तो पैसा धुराड्याचा परवाना म्हणून विकला, की आकडे फुगतात आणि राखणारा मागेच राहतो. म्हणून एखादी कंपनी विमानाच्या तिकिटावर किंवा कापडाच्या लेबलवर ‘कार्बन न्यूट्रल’ छापते, तेव्हा तिला तीन गोष्टी विचारा: जंगल कुठलं, कोणत्या वर्षांच्या सरासरीशी तुलना केली, आणि त्या जंगलात राहणाऱ्यांच्या हाती किती पैसे पडले? तिन्हींची उत्तरं मिळत नसतील, तर त्या लेबलचे जास्तीचे पैसे मोजू नका.