वाळूत पुरलेले इंजिन



विहिरीवर विजेचा पंप बसला की जुने ऑईल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडते. दहा-पंधरा वर्षांनी कुणाला तरी त्याची आठवण होते. पोरे जमतात, आणि पहिले काम काय करतात? हँडल मारतात! घात होतो तो इथेच. म्हणून आज मी तुम्हांला बेचाळीस वर्षे वाळूखाली राहिलेल्या एका मोटारीची हकिगत सांगणार आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्रसुद्धा मला जुन्या दस्तऐवजासारखे दिसते.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नावाचे गाव आहे. ओहोटी लागली की तिथली वाळू मैलोगणती सपाट पडते. तिथे वेगाचे विक्रम होत. जे. जी. पॅरी-थॉमस हा वेल्श इंजिनिअर. झ्बोरोव्स्की नावाच्या उमरावाने बांधलेली एक प्रचंड मोटार, तो १९२४ साली शर्यतीत मरण पावल्यावर, थॉमसने १२५ पौंडांना विकत घेतली. तिच्यात ‘लिबर्टी’ इंजिन होते : पहिल्या महायुद्धात अमेरिकेने विमानांसाठी काढलेले, बारा सिलिंडरांचे, २७ लिटरचे. थॉमसने गाडी सुधारली, तिला ‘बॅब्ज’ असे नाव दिले आणि २८ एप्रिल १९२६ रोजी ताशी १७१ मैलांचा विक्रम केला.

पुढे फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्बेलने तो मोडला. ३ मार्चला थॉमस पुन्हा वाळूवर उतरला. भर वेगात गाडी उलटली आणि तो ठार झाला. त्याचे दफन इंग्लंडात झाले, गाडीचे मात्र त्याच पेंडाइनच्या वाळूत.

मागच्या चाकांना गती देणारी साखळी तुटून त्याच्या डोक्यावर बसली, असे लोक सांगू लागले. सांगता सांगता तोच इतिहास झाला. पुरावा वाळूखाली होता, तपासणार कोण?

१९६९ साली ओवेन विन ओवेन पुढे आले. बँगरच्या टेक्निकल कॉलेजात ते इंजिनिअरिंग शिकवीत. ज्या गाडीने माणूस घेतला, ती उकरून काढावी का? प्रश्न साधा नव्हता. त्यांनी थॉमसच्या नातलगाची संमती घेतली, जागा ज्या लष्करी खात्याकडे होती त्याची परवानगी घेतली, आणि मगच फावडे लावले.

बाहेरचा पत्रा पार कुजला होता, पण साफ केल्यावर यंत्राचे काही भाग वापरण्याजोगे निघाले. ओवेन ह्यांनी सुमारे पंधरा वर्षे खपून गाडी पुन्हा उभी केली, आणि तिचा आवाज लोकांनी पुन्हा ऐकला. गाडीचे भाग हाती आल्यामुळे अपघाताचाही नव्याने विचार झाला. साखळीची गोष्ट मागे पडली. मागचे उजवे चाक निकामी होऊन गाडी उलटली असावी, हे मत आज अधिक ग्राह्य धरले जाते.

आता आपल्या कोपऱ्यातल्या इंजिनाकडे वळू. ते बंद पडून राहिले की पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरतात, जुने डिझेल चिकट होते, पाण्याच्या वाटा गाळाने बुजतात. अशा वेळी जोराने हँडल मारले तर रिंग मोडते, सिलिंडरला चरे पडतात. म्हणून आधी नॉझल काढा, आत पातळ तेल सोडा आणि दोन-चार दिवस थांबा. मग फ्लायव्हील हाताने हळूहळू मागे-पुढे हलवा. सुटले तर ठीक. न सुटले तर ताकद लावू नका, हेड उघडून पाहा. टाकी धुवा, फिल्टर बदला, जुने तेल काढून नवे भरा. इंजिन मोकळे फिरू लागले की मगच हँडलला हात घाला.

शिक्षक बंधुभगिनींनो, इतिहासाचेही असेच आहे. ऐकीव गोष्ट वर्षानुवर्षे धरून बसते. तिला झटका देऊन भागत नाही. ज्यांचे दुःख त्यात गुंतले आहे त्यांना आधी विचारावे, मग एकेक भाग सुटा करून, पुसून पाहावा. गावात एखादे जुने इंजिन असेल तर मुलांना तिथे घेऊन जा. ते चालू होईल की नाही, हा पुढचा प्रश्न. ते बंद का पडले, हे आधी त्यांनाच शोधू द्या.