खानदेशातील विद्युत पारेषण प्रणालीची स्थिरता

वाहिनीतील बिघाड, जनित्र अचानक बंद पडणे किंवा भारातील मोठा बदल सोसून ठरावीक दाबावर व ५० हर्ट्झ वारंवारतेवर परत येण्याची पारेषण जाळ्याची क्षमता म्हणजे त्याची स्थिरता होय. विदर्भातील औष्णिक वीज पश्चिमेकडे नेणारा ४०० किलोव्होल्टचा एक मार्ग कोराडी, भुसावळ, बाभळेश्वर असा जात असल्याने जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बिघाडाचा परिणाम खानदेशापुरता मर्यादित राहत नाही.

भुसावळजवळील दीपनगर औष्णिक केंद्र हा येथील मुख्य स्रोत आहे. त्याच्या जड फिरत्या संचांमुळे जाळ्याला जडत्व मिळते व वारंवारता एकदम ढळत नाही. धुळे येथील ७६५/४०० किलोव्होल्ट उपकेंद्रात १५०० एमव्हीएची दोन रोहित्रे असून तेथून औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) व वडोदरा येथे ७६५ किलोव्होल्ट वाहिन्या जातात. समांतर मार्ग किती महत्त्वाचे असतात, हे जुलै २०१२ मध्ये दिसले. बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्ट वाहिनी बंद पडताच उरलेल्या मार्गांवर भार लोटला आणि ३० जुलैला उत्तर, तर ३१ जुलैला उत्तर, पूर्व व ईशान्य जाळी कोसळली. पश्चिम जाळे मात्र टिकले.

दाबाची स्थिरता

रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागांचे कृषिपंप हा येथील वैशिष्ट्यपूर्ण भार होय. पंपांच्या मोटारींना चुंबकीय क्षेत्रासाठी रिॲक्टिव्ह पॉवर लागते. ती दुरून आणल्यास वाटेत दाब घटतो. घटलेल्या दाबावर मोटार अधिक प्रवाह ओढते आणि दाब आणखी घसरतो. मोटारी जळण्याचे हे एक कारण आहे. रोहित्राचा टॅप बदलून ग्राहकाकडील दाब सावरता येतो, पण वरच्या जाळ्यावरील ताण त्यामुळे वाढतो. म्हणून पंपाजवळ व उपकेंद्रात कॅपॅसिटर बसवणे हाच खरा उपाय ठरतो.

पावसाळ्यात चित्र उलटते. पंप बंद असतात, तर साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्या जोरात चालतात. कमी भाराच्या लांब ७६५ किलोव्होल्ट वाहिन्या स्वतःच रिॲक्टिव्ह पॉवर निर्माण करून दाब चढवतात. तो रोखण्यासाठी शंट रिॲक्टर लागतात.

बिघाडानंतरची स्थिरता

शॉर्टसर्किट झाल्यावर जनित्राची वीज बाहेर पडू शकत नाही व त्याचा वेग वाढू लागतो. त्यामुळे ४०० किलोव्होल्ट व त्यावरील वाहिन्यांवर बिघाड १०० मिलिसेकंदांत तोडणे अपेक्षित असते. जुन्या पवनचक्क्या अशा वेळी दाब घटताच जाळ्यातून बाहेर पडत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणीविषयक मानकांतील २०१३ च्या दुरुस्तीनुसार नव्या पवनचक्क्यांनी, दाब १५ टक्क्यांपर्यंत उतरला तरी, ३०० मिलिसेकंद जोडलेले राहणे आवश्यक आहे.