आठ, अठ्ठावीस की सदुसष्ट?



या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईट. बारा वाजता मोटार चालू केली, कांद्याचं दारं धरलं आणि एक वाफा भरेपर्यंत बांधावर बसून मोबाईल बघत होतो. रोज तुम्हाला रोपाचे, करप्याचे, बाजारभावाचे फोटो टाकतो. आज फोटो नाही. मोबाईलवर एक जुनं पुस्तक सापडलं, त्याचं सांगतो. चार रात्री पुरलं मला. इंग्रजी जुन्या वळणाचं, अडलं तिथं मुलीनं सांगितलं.

पुस्तकाचं नाव 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज'. साल १९१७. लिहिणारे डॉ. हॅरॉल्ड मॅन, तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. मूळचे रसायनशास्त्राचे माणूस. त्यांनी आणि कॉलेजातल्या आपल्याच मराठी सहकाऱ्यांनी पुण्याजवळचं एक गाव घेतलं आणि घरोघर फिरून सगळं लिहून काढलं. जमीन कुणाची किती, तुकडे किती, बैल किती, कर्ज किती, खायला काय लागतं.

ते गाव कुठलं माहितीय? पिंपळे सौदागर!

आज तिथं गेलात तर टॉवर आणि मॉल दिसतील. आमच्या भागातली कितीतरी पोरं नोकरीसाठी तिथं भाड्यानं राहतात. शंभर वर्षांपूर्वी ते पवनेकाठचं साधं शेतकऱ्यांचं गाव होतं, हे त्यांना सांगून पटणार नाही.

आता आकडे बघा. पेशवाईतले जुने कागद धरून मॅनसाहेबांनी हिशेब मांडला. १७७१ साली या गावात एका खातेदाराकडं सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ ला, म्हणजे पेशवाई गेली त्या साली, साडेसतरा एकर. १९१५ च्या सुमारास ७ एकर. दीडशे वर्षांत चाळिसाचे सात.

आणि ते सातही एका जागी नाहीत. गावात १५६ जमीनमालक आणि जमिनीचे तुकडे सातशेच्या वर.

असं का होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आमच्या आजोबांची १२ एकर, तीन ठिकाणी. विहिरीजवळचं काळं रान, ओढ्याकाठचं मध्यम आणि वरचा माळ. तिघं मुलगे. एकानं सगळं काळं घ्यायचं आणि दुसऱ्यानं माळ, असं कोण कबूल होईल? म्हणून प्रत्येक ठिकाणचे तीन तीन भाग केले. तिन्हाचे नऊ तुकडे झाले. वडिलांच्या वाट्याला ४ एकर आली, तीही तीन जागी. बाहेरून बघणाऱ्याला हा अडाणीपणा वाटतो. आत बसलेल्याला तो न्याय वाटतो. ओढा फुटून खालचं वाहून गेलं तरी माळाची बाजरी हाताला लागते, हाही त्यात हिशेब असतो.

यावर तेव्हाही वाद झाला. पुस्तक आल्यावर पुढच्याच वर्षी, १९१८ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर इंग्रजीत लेख लिहिला. त्यात पिंपळे सौदागरचे आकडे घेतले, पण निष्कर्ष वेगळा काढला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की जमीन किती एकर यावर शेत परवडणारं की न परवडणारं हे ठरत नाही. त्या जमिनीला बैल, अवजारं, भांडवल किती मिळतं यावर ठरतं. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर पडलेला जास्तीचा भार उद्योगधंद्याकडं वळवावा लागेल. पुढं १९२७ साली मुंबई सरकारनं लहान शेतांबद्दल बिल आणलं, तेव्हा कौन्सिलमध्ये त्यांनी त्याला विरोध केला. ते बिल बारगळलं. शेवटी तुकडेबंदीचा कायदा झाला १९४७ साली. पण कायदा कागदावर थांबला, रानात बांध पडतच राहिले. सातबारा सामाईक आणि वहिवाट वेगळी, हे गावोगाव आहे.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या आकड्यांनी.

मॅनसाहेबांनी गावातल्या १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. नुसत्या शेतीवर ज्यांचं भागत होतं अशी घरं फक्त ८. शेती अधिक बाहेरची मजुरी धरून ज्यांचं भागत होतं अशी २८. उरलेली ६७ घरं दोन्ही करून तोट्यातच. आणि हे गाव पुण्याला खेटून, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ, म्हणजे बाहेर काम मिळायची सोय असलेलं.

मग त्यांनी आणि न. वि. कानिटकरांनी लांबचं, कोरडवाहू गाव घेतलं. ते पुस्तक आलं १९२१ ला. गाव जातेगाव बुद्रुक, आमच्याच शिरूर तालुक्यातलं. माझ्या रानातून गाडीवर अर्ध्या तासाचा रस्ता. तिथं तोट्यातली घरं शंभरात पंच्याऐंशी.

हे वाचलं तेव्हा वाफा फुटून पाणी शेजारच्या सरीत गेलं होतं, तरी मी बसूनच होतो. वाटलं, साहेब आज आमच्या घरी आले असते तर मला कुठल्या रकान्यात घातलं असतं?

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो. गेल्या वर्षीचा कांदा, ऊस, दोन गाईंचं दूध. खत, औषध, मजुरी, सोसायटीचं व्याज. नुसत्या शेतीवर घर चालत नाही. मंडळीचं शिलाईकाम आणि धाकट्या भावाचा रांजणगावच्या कंपनीतला पगार धरला तर चालतं. म्हणजे आम्ही अठ्ठावीसातले. शंभर वर्षांत कालवा आला, वीज आली, ड्रिप आलं, आणि उत्तर तेच.

हे आज लिहायला कारण आहे. दिवाळीनंतर आमची दोघा भावांची वाटणी ठरली होती. चार एकर, तीन जागा, म्हणजे सहा तुकडे. एकेक तुकडा सरासरी २६-२७ गुंठ्यांचा. बांधासाठी दगडसुद्धा आणून ठेवले होते. काल भावाला वहीतला हिशेब दाखवला. त्याचा पगार काढला तर माझं घर बसतं, आणि माझं राबणं काढलं तर त्याचं रान पडीक राहतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, यंदा दगड राहू दे." यंदा म्हणाला, कायमचं नाही. तेवढंही पुष्कळ आहे.

पिंपळे सौदागरची ती रानं आज इमारतीखाली गेली. कुणी फिरून लिहून ठेवली म्हणून त्यांचा माग तरी लागतो. तुम्हीही यंदाचा जमाखर्च खरा खरा लिहा, वहीच्या पहिल्या पानावर साल टाका. आणि खाली कमेंटमध्ये एकच आकडा सांगा. तुमचं घर आठातलं, अठ्ठावीसातलं की सदुसष्टातलं? लाजू नका, मी माझं सांगितलंय.

लाईट गेली. मोटार बंद. राम राम.