पोथी, पुठ्ठा आणि खळ

फाटके पुस्तक घरच्या घरी नीट करण्याची रीत कोल्हापूर परिसरात छापील पुस्तकाहून जुनी आहे. छपाई येण्याआधी घरात जे वाचले जाई ते हस्तलिखित पोथीत असे. पोथीला शिवण नसे आणि पाठीला चिकटवलेला पुठ्ठाही नसे. आडव्या सुट्या पानांची चळत, तिच्या वर-खाली लाकडी फळ्या किंवा रद्दी कागद एकावर एक चिकटवून केलेल्या दफ्त्या, भोवती कापडाचे बासन आणि त्यावर दोरी, एवढीच तिची बांधणी. त्यामुळे पुस्तकाचे जे दुखणे आज सर्वांत जास्त आढळते, म्हणजे पाठ उसवणे, ते पोथीला ठाऊकच नव्हते. तिची दुखणी वेगळी होती. कडा झिजत, कोपरे मोडत, पहिली आणि शेवटची पाने गळत, कसर लागे आणि पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटत.

हातकणंगले तालुक्यातल्या मनपाडळे आणि पारगाव या गावी समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी दोन आहेत. त्यांच्या दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावर आहे. बोरू, शाई, कागद, चाकू, कातर यांच्याबरोबरच पोथी बांधायचे गोफ, बासने, शेंदरी रंगाचे मेणकापड, पेट्या आणि कुलुपे यांचाही त्यात उल्लेख येतो. सतराव्या शतकात या सरंजामाकडे ग्रंथलेखनाचेच अंग म्हणून पाहिले जाई, हे त्यावरून कळते. नक्कल उतरवणारे लेखकही पोथी संपवताना शेवटच्या पानावर एक ठरीव विनवणी लिहीत. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथ जपा आणि तो अडाण्याच्या हाती देऊ नका, असा तिचा आशय. यातला सैल बांधणीचा इशारा शब्दशः खरा आहे. बासन घट्ट असले की पानांमध्ये दमट हवा शिरत नाही, कागद फुगत नाही आणि किड्याला वाट मिळत नाही.

पोथी टिकली ती कागदामुळेही. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही दख्खनमधली हातकागदाची नावाजलेली ठिकाणे. चिंध्या आणि तागासारख्या तंतूंचा लगदा करून कागद काढीत, त्याला पिठाची खळ देऊन वाळवीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. असा कागद तीनशे वर्षांनंतरही दुमडता येतो. काजळ आणि डिंकाची शाई प्रकाशाने फिकी पडत नसे. पाण्यापुढे मात्र तिचे फारसे चालत नसे.

पान फाटले तर त्यावर तशाच कागदाची पट्टी खळीने लावीत. पट्टीखाली अक्षरे झाकली गेली की ती वर पुन्हा लिहीत. पान अगदीच गेले असेल तर दुसऱ्या प्रतीवरून नवे उतरवून त्याच क्रमांकाच्या जागी ठेवीत. जुन्या पोथ्यांत मधलीच चार पाने वेगळ्या हातची आणि वेगळ्या कागदाची सापडतात ती यामुळेच. सुट्या पानांच्या बांधणीचा हा मोठा फायदा होता: एक पान बदलायला सगळे पुस्तक उसवावे लागत नसे. समासही उगाच रुंद सोडलेला नसे. बोटांचा घाम आणि कडांची झीज आधी त्याने सोसायची, मजकुराची पाळी नंतर. पोथी दुरुस्तीपलीकडे गेली की तिचे नदीत विसर्जन होई. श्रद्धेच्या दृष्टीने ते रास्त असेल, पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्या श्रद्धेची किंमत मोजावी लागली आहे.

कोल्हापुरातली दुसरी ग्रंथपरंपरा जैनांची. शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीसेन मठासारख्या ठिकाणी कागदी पोथ्यांच्या जोडीने कन्नड लिपीतले ताडपत्री ग्रंथही जपले गेले. ताडपत्राला भोक पाडून त्यात दोरी ओवतात. पान कोरडे पडले की ते तडकते, म्हणून त्याला अधूनमधून हलका तेलाचा हात देतात. कागदाचा जो वैरी तोच ताडपत्राचा वैद्य, असा हा उलटा न्याय आहे. १९३० पासून राजाराम महाविद्यालयात शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी जुन्या हस्तलिखितांच्या आधारे ‘प्रवचनसार’ (१९३५) आणि ‘परमात्मप्रकाश’ (१९३७) या प्राकृत-अपभ्रंश ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या. अशा कामाला आधी जपलेली पोथी लागते, विद्वान त्यानंतर येतो.

दिगंबर जैनांमध्ये ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढून झाडतात, नवी वेष्टने घालतात आणि पूजा करतात. हिंदू घरांत आश्विनातल्या नवरात्रात सरस्वतीचे आवाहन करून पोथ्या-पुस्तके पूजेला मांडतात. एक दिवस पावसाच्या तोंडावरचा, दुसरा पाऊस ओसरल्यावरचा. पंचांगाने नेमलेले हे दोन दिवस ग्रंथतपासणीचे दिवस म्हणूनही चोख बसतात. आधीच्या वेळी बांधणी घट्ट करून घ्यायची आणि नंतरच्या वेळी आश्विनाच्या कोरड्या हवेत, तीही सावलीला, पाने मोकळी करून कसर झटकायची. वेखंडाची पुरचुंडी, कडुनिंबाची वाळली पाने आणि कापूर ही औषधे याच वेळी बदलली जात.

छपाईची चाहूल या भागाला लवकर लागली. १८०५ मध्ये कोल्हापूरपासून जवळच मिरजेत, पटवर्धनांच्या आश्रयाने, ताम्रपटांवर कोरलेली भगवद्गीता छापली गेली. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर धर्मग्रंथ छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला हात लावीनात, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरले असे सांगतात. छापील धर्मग्रंथ बराच काळ सुट्या पानांच्या पोथीच्याच रूपात निघत राहिले. गुरुचरित्राची पोथी आजही अशी मिळते. नृसिंहवाडीच्या दत्तस्थानामुळे या जिल्ह्यात गुरुचरित्राची पारायणे घरोघर चालतात आणि तिथे बासनाची जुनी शिस्तही टिकून आहे.

इतर पुस्तके मात्र नव्या रूपात आली. छापलेल्या तावाच्या घड्या, त्यांचे जुज, जुज एकमेकांना शिवून पाठीला सरस, वर पुठ्ठा. या बांधणीने पाने हरवेनाशी झाली, पण सगळा भार पाठीवर आला. कोल्हापुरात तिचा पहिला मोठा ग्राहक म्हणजे १८५० मध्ये ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ या नावाने सुरू झालेले आजचे करवीर नगर वाचन मंदिर. घरातले पुस्तक चार हात हाताळतात, वाचनालयातले शेकडो. त्यामुळे वाचनालयाबरोबर बाइंडरचा धंदा आला. खिळखिळे पुस्तक उसवून, कडा कापून, जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ लावून तो ते पुन्हा उभे करी.

१९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला असा तो पहिला कायदा मानला जातो. महाराष्ट्र राज्याचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. वाचनालये वाढली तशी बाइंडिंगची कामेही वाढली. या कामाने पुस्तके वाचली, पण त्याची एक बाजू खेदाची आहे. बाइंडर मूळ मुखपृष्ठ काढून टाकीत. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी रंगवलेली कितीतरी वेष्टने अशी रद्दीत गेली. शिवाय दर बांधणीला यंत्राखाली कडा कापल्या जात आणि तिसऱ्या बांधणीपर्यंत समास जवळजवळ संपून जाई.

घरातल्या दुरुस्तीला खरी चालना दिली ती शाळेने. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला आणि ज्या घरांत कधी पुस्तक नव्हते तिथे क्रमिक पुस्तक आले. ते विकत घेणे जड, म्हणून थोरल्याचे धाकट्याला आणि शेजारच्याचे आपल्याला. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाल्यावरही हा व्यवहार चालूच राहिला. निम्म्या किमतीत जुना संच घ्यायचा आणि मे महिन्याच्या सुट्टीत तो ‘बांधून’ काढायचा, ही मराठी घरांतली ओळखीची गोष्ट. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, पाने सारखी करून कडेला दाभणाने तीन-चार भोके पाडायची, मेण लावलेला दुहेरी दोरा ओवून गाठ मारायची. पुठ्ठा लग्नपत्रिकेचा किंवा साडीच्या खोक्याचा, अस्तराला जुन्या कॅलेंडराचे पान आणि वर खाकी कव्हर. पुस्तक एक वर्ष नक्की निघे. मात्र ही आडवी शिवण समासातून जात असल्याने पुस्तक पुरते उघडत नसे. मूल ते जोराने दाबून उघडी आणि कागद नेमका भोकांच्या रेषेवर फाटे. वर्षभराच्या पुस्तकाला ही रीत योग्य होती. तीच आजोबांच्या ज्ञानेश्वरीवर वापरली गेली तेव्हा मात्र नुकसान झाले.

या सगळ्या घरगुती कामात एकच गोष्ट सुरुवातीपासून बरोबर होती, ती म्हणजे खळ. एक वाटी मैदा चार-पाच वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. गार झाल्यावर ती कापडातून गाळून घेतली की कागदावर दाणा राहत नाही. खळीचा खरा गुण तिच्या दुबळेपणात आहे. ताण आला तर आधी जोड सुटतो, कागद फाटत नाही, आणि ओल्या बोळ्याने ती पुन्हा काढता येते. जगभरच्या ग्रंथालयांतले दुरुस्तीकार आज गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिष्टाची खळ आणि पातळ जपानी कागद याच कारणासाठी वापरतात. खळीचा दोष एवढाच की कसरीला ती आवडते. त्यावर उपाय म्हणून बाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असते आणि त्यातले तांबे कालांतराने कागद पिवळा व ठिसूळ करते. घरी ते घालू नये. लागेल तेवढीच ताजी खळ करावी.

विसाव्या शतकात कागदच बदलला. लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ घातलेला गिरणीचा कागद स्वस्त होता, पण त्यातले आम्ल त्याला आतून खाते. म्हणून १९२० सालचे पुस्तक हातात तुकडे होते आणि १७२० सालची पोथी शाबूत असते. जुज शिवण्याऐवजी तारेच्या टाचण्या आल्या आणि कोल्हापूरच्या पावसात त्या दोन-तीन वर्षांत गंजून भोवतालचा कागद खाऊ लागल्या. पुढे पाठ कापून नुसत्या डिंकाने पाने चिकटवण्याची पद्धत आली. तिच्यात पुस्तक एकदा जोराने उघडले की पानांचा गठ्ठा सुटतो.

घराघरांतले उपायही बदलले. अमेरिकेत १९३० मध्ये निघालेली पारदर्शक चिकटपट्टी आपल्याकडे प्रत्येक दप्तरात पोचली. फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आले. दोन्ही झटपट, दोन्ही मजबूत, आणि जुन्या कागदाला दोन्ही घातक. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागदात मुरून तपकिरी डाग पाडतो, मग पट्टी गळते आणि डाग राहतो. फेविकॉल वाळल्यावर पाण्याने सुटत नाही, त्यामुळे पुढची दुरुस्ती कागद फाडूनच करावी लागते. पुस्तके कसरीने जेवढी बिघडवली त्याहून कमी या मायेच्या पट्ट्यांनी बिघडवली नसतील.

या शतकात पुराने घरोघरच्या पुस्तकांपुढे वेगळाच प्रश्न उभा केला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ मध्येही शहराच्या सखल भागांतली आणि शिरोळ तालुक्यातली घरे बुडाली. सांगलीत तर २०१९ च्या पुरात नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले. भिजलेल्या पुस्तकाला साधारण दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि श्रावणात ऊन मिळत नाही. म्हणून लोकांनी हाताला येईल ते केले: पाने उलगडली, इस्त्री फिरवली, चुलीजवळ धरले. १९६६ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तके चिखलात गेली. पुराच्या पुस्तकांचे शास्त्र त्या प्रसंगानंतर वाढले. ते सांगते की चिखल धुवायचा तो पुस्तक मिटलेले ठेवून. ओले पान ओढून उघडायचे नाही. पुस्तक उभे करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवायचे आणि थोड्या-थोड्या पानांनंतर कोरा टीपकागद घालून तो बदलत राहायचा. गुळगुळीत आर्ट पेपरची पाने वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून ती आधी सोडवायची. सगळे एकदम जमत नसेल तर पुस्तके पिशव्यांत घालून बर्फाच्या कपाटात ठेवायची आणि नंतर सवडीने वाळवायची. गोठलेल्या पुस्तकाला बुरशी धरत नाही.

छापील पुस्तकाची एवढी शुश्रूषा घरात होऊ शकते. हस्तलिखिताचे तसे नाही. काजळाची शाई ओल्या खळीने पसरते आणि एकदा पुसलेले अक्षर परत येत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात हस्तलिखितांचा संग्रह आहे आणि कोल्हापूर पुरालेखागारात संस्थानी दप्तर आहे. माळ्यावर बासन सापडले तर ते उन्हात घालू नये, चिकटवू नये आणि नदीतही सोडू नये. कोरड्या सुती फडक्यात बांधून आधी अशा ठिकाणच्या जाणकाराला दाखवावे.